वाचकांचे प्रश्न : दूध तोडलेल्या पिल्लांचं आंबवलेलं पातळ खाद्य

वराहपालनाच्या पत्रांत या वेळी बहुतेकांनी एकाच गोष्टीबद्दल विचारलं आहे : आईपासून तोडलेल्या पिल्लांना भरडा पाण्यात आंबवून द्यावा का, आणि द्यायचा तर कसा. पत्रं पालघरपासून सावंतवाडीपर्यंतची आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र केली आहेत.

प्रश्न : पिल्लं ४२ दिवसांची झाली की तोडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास पातळ हगवण लागते, दोन-तीन पिल्लं खंगतात. भरडा आंबवून दिला की हगवण थांबते म्हणतात. खरं आहे का? (कुडाळ तालुका)

थांबतेच असं नाही. पण नीट आंबवलेलं खाद्य असेल तर बरीच कमी होते. अर्धवट आंबलेलं असेल तर मात्र कोरड्या भरड्यापेक्षा जास्त हगवण लागते. पुढची सगळी उत्तरं या एका फरकाभोवती फिरतात.

पिल्लू दूध पितं तोवर दुधातल्या साखरेचं पोटात लॅक्टिक आम्ल होतं आणि जठर आंबट राहतं. पिल्लाचं स्वतःचं जठराम्ल या वयात पुरेसं सुटत नाही. दूध तुटलं की हा आंबटपणा जातो. त्यात पहिले एक-दोन दिवस पिल्लू जवळजवळ उपाशी असतं. उपाशी आतड्याच्या आतले केसासारखे उंचवटे आखूड होतात आणि पचनशक्ती घटते. मग भूक अनावर होऊन ते एकदम कोरडा भरडा खातं. न पचलेला भरडा खाली उतरतो आणि ई. कोलाय जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. तुम्हाला चौथ्या-पाचव्या दिवशी हगवण दिसते ती यामुळेच.

आंबवलेल्या पातळ खाद्यानं दोन गोष्टी साधतात. पातळ असल्यानं दुधाची सवय असलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून थोडंफार खातं, त्यामुळे आतडं उपाशी राहत नाही. आणि खाद्यातलं लॅक्टिक आम्ल जठराचा आंबटपणा टिकवायला मदत करतं, ई. कोलाय आणि साल्मोनेला तिथंच दबतात.

पापण्या सुजणं, झोकांड्या जाणं, आवाज बसणं अशी लक्षणं दिसली तर तो सुजेचा आजार असू शकतो. तोही ई. कोलायचाच एक प्रकार, आणि बहुधा कळपातली सगळ्यांत धष्टपुष्ट पिल्लं त्यात जातात. तेव्हा खाद्याचे प्रयोग बाजूला ठेवून पशुवैद्यकाला बोलवा.

प्रश्न : वीस पिल्लांसाठी प्रमाण आणि कृती नेमकी लिहून द्या. भरडा किती, पाणी किती, किती तास ठेवायचं? (वेंगुर्ले, सावंतवाडी, दापोली तालुक्यांतून चार पत्रं)

आधी कोरड्या खाद्याचं सूत्र. १०० किलोसाठी : मक्याचा भरडा ४५ किलो, तांदळाची कणी १२, भाताचा कोंडा ८, सोयाबीन पेंड २५, चांगल्या प्रतीचं फिशमील ७, खनिज मिश्रण २, जीवनसत्त्वांचं मिश्रण अर्धा किलो, मीठ ३०० ग्रॅम, लायसिन (एक अमिनो आम्ल) २०० ग्रॅम. यात प्रथिनं सुमारे २० टक्के बसतात.

यातला मका, कणी आणि कोंडा, म्हणजे १०० पैकी ६५ भाग, एवढंच आंबवायचं. सोया, फिशमील, खनिजं, मीठ, लायसिन हे सगळं खायला घालताना मिसळायचं. कारणं पुढच्या उत्तरात आहेत, पण हा नियम मोडू नका.

साधारण ९ किलो वजनाचं पिल्लू पहिल्या आठवड्यात सरासरी पाव किलो कोरडं खाद्य खातं. वीस पिल्लांना दिवसाला ५ किलो धरा. त्यात धान्याचा भाग सव्वातीन किलो, मागून मिसळायचा भाग पावणेदोन किलो. एकूण पाणी कोरड्या खाद्याच्या अडीचपट, म्हणजे साडेबारा लिटर. त्यातलं ८ लिटर धान्य आंबवताना लागतं आणि उरलेलं साडेचार लिटर शेवटी मिसळताना.

झाकणाचा ५० लिटरचा प्लास्टिक ड्रम घ्या. पहिल्या घाण्याला धान्याचं मिश्रण ४.४ किलो आणि पाणी ११ लिटर घाला. विरजण म्हणून घरचं ताजं, मीठ न घातलेलं आंबट ताक अर्धा लिटर पुरे. मुरघासासाठी मिळणारं लॅक्टोबॅसिलसचं कल्चर मिळालं तर त्याहून चांगलं, कारण ताकातले जिवाणू दुधाला सरावलेले असतात, धान्यात जरा मंद चालतात. लाकडी दांड्यानं तळापासून ढवळा, झाकण नुसतं ठेवा, आवळू नका. आत वायू तयार होतो.

हा पहिला घाणा पिल्लांना द्यायचाच नाही. पहिल्या दिवशी सामू, म्हणजे पीएच, पाच-साडेपाचच्या आसपास रेंगाळतो. या काळात लॅक्टिक जिवाणूंच्या आधी धान्यावरचे ई. कोलायसारखे जिवाणूच वाढून घेतात. दुसऱ्या दिवशी आंबटपणा चढू लागतो आणि आपल्याकडच्या हवेत तिसऱ्या दिवसाच्या आसपास सामू ४.२ च्या खाली येतो. तेव्हा ते जिवाणू मरायला लागतात. ‘कालच भिजवलं होतं, छान आंबूस वास येतोय’ म्हणून जे लोक दुसऱ्या दिवशी घालतात, त्यांच्याकडे हगवण वाढते, आणि मग पद्धतच वाईट असा बोभाटा होतो.

सामू ४.२ झाला की रोजचं चक्र सुरू करा. ड्रममध्ये ताकासह साधारण १५.९ किलो घोळ आहे. त्यातला ४ किलो, म्हणजे साधारण पाव हिस्सा, सोडून बाकीचा काढायचा (पहिल्या वेळचा पिल्लांना नाही) आणि हे ४ किलो तळाशी राखायचे. हेच पुढचं विरजण. त्यात लगेच नवीन सव्वातीन किलो धान्य आणि ८ लिटर पाणी घालून ढवळायचं. विरजण जोमदार असल्यानं हा घाणा उन्हाळ्या-पावसाळ्यात बारा ते सोळा तासांत तयार होतो. २४ तासांचं चक्र ठेवलंत तर थोडा ऐवज हाताशी राहतो. रोज काढण्याआधी सामू तपासा : ४.५ च्या वर असेल तर त्या दिवशी कोरडं खाद्य ओलसर करून द्या आणि ड्रमला आणखी बारा तास द्या.

काढलेल्या घोळात खायला घालतानाच पावणेदोन किलोचं दुसरं मिश्रण आणि साडेचार लिटर पाणी घाला. हे पाच वेळांत वाटून द्या. प्रत्येक वेळेचं त्या वेळीच मिसळा, सकाळी सगळं कालवून ठेवू नका. पहिले दोन दिवस ठरलेल्याच्या निम्मंच द्या. वीस मिनिटांत गव्हाण चाटून रिकामी झाली तर पुढच्या वेळेला दहा टक्के वाढवा. अर्ध्या तासानं काही उरलं तर तेवढं कमी करा. उरलेलं ड्रममध्ये परत ओतायचं नाही, मोठ्या डुकरांना घाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरड्या खाद्याचा हिशेब दर पिल्लामागे चारशे-पाचशे ग्रॅमवर जातो. एक ड्रम कमी पडला तर दुसरा जोडा. वाढवायच्या आदल्या दिवशी तळाशी चारऐवजी सहा किलो राखा, म्हणजे पाव हिश्शाचं प्रमाण बिघडत नाही.

कणी ड्रमच्या तळाशी दगडासारखी बसते ही दापोलीहून आलेली तक्रार रास्त आहे. कच्ची कणी जड असते. तिची पातळ पेज करून घाला. पेजेनं घोळ दाट राहतो, मका तरंगत राहतो, आणि शिजलेला तांदूळ पिल्लांना पचायला हलका. पेजेला लागलेलं पाणी ८ लिटरांतूनच वजा करा. पण पेज कोमट झाल्यावरच ओता. बोट बुडवून सहज ठेवता आलं पाहिजे, गरम पेजेनं विरजण मरतं. मका २-३ मिलिमीटरच्या जाळीतून दळलेला असावा.

प्रश्न : दोन भाग वेगळे करायचा खटाटोप कशाला? कंपनीचं पिल्लांचं तयार खाद्य गोणीतून काढून तसंच आंबवलं तर?

नको. तयार खाद्यात चुनखडी असते आणि ती आम्ल खाते, त्यामुळे सामू उतरायला फार वेळ लागतो. सोया आणि फिशमीलमधली प्रथिनंही आम्ल शोषतात. म्हणजे घोळ त्या पहिल्या धोक्याच्या टप्प्यात जास्त वेळ अडकून राहतो. दुसरं, खाद्यात वरून घातलेलं मोकळं लायसिन ई. कोलाय फोडतात आणि त्याचं कॅडाव्हेरिन नावाचं दुर्गंधी द्रव्य करतात. तुम्ही पैसे मोजलेलं अमिनो आम्ल जातंच, वर पिल्लं वासानं तोंड फिरवतात. गोणीतलंच खाद्य वापरायचं असेल तर दर वेळी अडीचपट स्वच्छ पाण्यात कालवून लगेच घाला. आंबटपणाचा फायदा मिळणार नाही, पण पातळपणाचा मिळेल.

धान्य आंबवण्याचा आणखी एक लाभ आहे. धान्यातलं बरंचसं फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेलं असतं आणि डुकराला ते सोडवता येत नाही. ओल्या आंबट धान्यात फायटेज विकराला काम करायला वेळ मिळतो. मक्यात हे विकर कमी, गव्हात भरपूर. म्हणून गव्हाचा कोंडा स्वस्त मिळत असेल तर भाताच्या कोंड्यातले चार-पाच किलो कमी करून तो घाला.

प्रश्न : ड्रमवर फेस येतो, दारूसारखा वास येतो आणि पिल्लं तोंड लावत नाहीत. विरजण म्हणून ताज्या माडीचा एक पेला घातला होता. (वसई तालुका)

माडीनंच घात केला. माडीत यीस्ट भरपूर असतं. यीस्ट धान्यातल्या साखरेची दारू आणि कार्बन डायऑक्साइड करतं. वायू म्हणजे तुमच्या मक्यातली ऊर्जा हवेत गेली. लॅक्टिक आंबवणात असा तोटा फारच थोडा होतो. चव बिघडते ती वेगळीच. काही ठिकाणी माडीवर पाव फुगवतात म्हणून इथंही चालेल असं वाटणं साहजिक आहे, पण तिथं फुगणं हवं असतं आणि इथं आंबणं.

तो ड्रम मोठ्या डुकरांना थोडा थोडा घालून रिकामा करा. मग साबणानं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन, एक दिवस उन्हात ठेवा आणि ताकाच्या विरजणानं नव्यानं सुरुवात करा. थोडं यीस्ट कुठल्याही घोळात असणारच, आंबोळीच्या पिठाला जाळी पडते तेवढे बुडबुडे ठीक. बोटभर जाड फेस, झाकण उचललं जाणं, झणझणीत वास ही बिघाडाची खूण.

माडी न घालताही असं होत असेल तर थंडीकडे बघा. वीस अंशांच्या खाली लॅक्टिक जिवाणू मंदावतात आणि यीस्टचं फावतं. युरोपात म्हणूनच टाक्या तापवाव्या लागतात. किनाऱ्यालगत आपल्याला वर्षाचे नऊ-दहा महिने ही चिंता नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत रात्री चांगलाच गारवा पडतो. ड्रम चुलीच्या भिंतीला लावा, खाली पेंढा, भोवती दोन गोणपाटं, आणि नवीन पाणी कोमट, तीसेक अंशांचं घाला.

प्रश्न : विहिरीचं पाणी चालेल का? ग्रामपंचायत पावसाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते.

विहिरीचं पाणी उत्तम. आपल्या जांभ्यातलं पाणी मऊ असतं, त्यात चुना कमी, त्यामुळे आम्ल वाया जात नाही. खाडीलगतच्या मचूळ विहिरीचं मात्र घेऊ नका. टीसीएल टाकलेलं पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडं ठेवा, अधूनमधून ढवळा, क्लोरीनचा वास गेला की वापरा. पावडर टाकली त्याच दिवशीचं पाणी थेट ड्रममध्ये गेलं तर विरजण लुळं पडतं. पावसाळ्यात ‘अचानक सामू उतरेना’ अशी तक्रार असेल तर सगळ्यांत आधी हे तपासा.

प्रश्न : लोखंडी पिंप, जस्ताचा टब किंवा सिमेंटची टाकी चालेल?

तिन्ही नको. आम्लानं लोखंड गंजतं, जस्त विरघळून खाद्यात उतरतं, सिमेंट झिजून खरखरीत होतं आणि त्या खाचांत जुनी घाण बसते. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. खाद्यपदार्थांसाठी वापरलेला जाड प्लास्टिक ड्रम घ्या. रंग, ॲसिड, कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. ड्रम रोज आतून घासायची गरज नाही, तळाचं विरजण हाच त्याचा जीव आहे. घोळाच्या पातळीवर भिंतीला सुकून चिकटलेली कड आणि झाकण मात्र रोज पुसा, बुरशी तिथूनच सुरू होते.

गव्हाणीसाठी सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन्ही टोकांना टोप्या बसवा. वाढत्या पिल्लाला साधारण १८ सेंटिमीटर जागा धरा. वीस पिल्लांना दोन्ही बाजूंनी खायला मिळालं तर पावणेदोन-दोन मीटर लांबी होते. वर आडवी सळई हवी, नाहीतर पिल्लं आत बसतात. गव्हाण दिवसातून दोनदा धुवा. आंबलेल्या खाद्यात रोगजंतू वाढत नाहीत, पण चार तास उन्हात पडलेल्या, सोया मिसळलेल्या उष्ट्यात वाढतात. खाद्य पातळ आहे म्हणून पिण्याचं पाणी बंद करू नका. निपल किंवा भांडं चोवीस तास चालू हवं.

प्रश्न : सामू कशानं मोजायचा? शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस चालेल का?

लिटमस फक्त आम्ल आहे एवढं सांगतो. ५.५ लाही लाल आणि ३.९ लाही लाल. तुम्हाला नेमका याच दोहोंमधला फरक हवा आहे. ३.८ ते ५.४ असा अरुंद टप्पा दाखवणाऱ्या पट्ट्या शास्त्रीय साहित्याच्या दुकानात मिळतात. घोळ ढवळून थोडा फडक्यातून गाळा आणि गाळलेल्या पाण्यात पट्टी बुडवा. दाट घोळात बुडवली तर भरडा चिकटून रंग ओळखू येत नाही. लक्ष्य ३.८ ते ४.२. नाकावर विसंबायचं असेल तर ताकासारखा स्वच्छ आंबट वास चांगला, ओकारीसारखा, कुजक्या लोण्यासारखा वास वाईट. तो आला तर ड्रम पूर्ण रिकामा करायचा, दुरुस्ती नाही.

प्रश्न : फिशमीलऐवजी बंदरावरची माशांची कुटी घालतो. सुकट, खराब बांगडा, सगळं मिळून स्वस्तात पडते. दोन पिल्लांना झटके आले. संबंध आहे का? (मालवण तालुका)

दाट शक्यता आहे. खारवून सुकवलेल्या मासळीत मीठ किती आहे याचा अंदाज नसतो. मीठ जास्त आणि पाणी कमी, असं जमलं की डुकरांना मिठाची विषबाधा होते. आधी तहान, मग दिसेनासं झाल्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहणं, कुत्र्यासारखं बसून मागे सरकणं, आणि झटके. निपल चोंदलं असेल किंवा टाकी रात्रभर रिकामी राहिली असेल तर कमी मिठानंही हे होतं. तेव्हा आधी पाणी तपासा. बाधा झालेल्या पिल्लांपुढे एकदम बादलीभर पाणी ठेवू नका, मेंदूला सूज येऊन ती मरतात. दर अर्ध्या तासानं थोडं थोडं पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. झटक्यांना इतर आजारही कारण असतात, त्यामुळे मेलेल्या पिल्लाचं शवविच्छेदन करून घेतलेलं बरं.

कुटी वापरायचीच असेल तर मीठ न लावता सुकवलेली मासळी घ्या आणि सूत्रातलं मीठ वगळा. बुरसटलेली, तेलकट उग्र वासाची कुटी पिल्लांना अजिबात नको. ती आंबवणाऱ्या ड्रममध्ये तर नकोच, कुजक्या प्रथिनांतून हिस्टामीनसारखी द्रव्यं सुटतात आणि आंबटपणानं ती नाहीशी होत नाहीत.

प्रश्न : पावसात मक्याला थोडी हिरवट बुरशी आली. आंबवलं की बुरशी मरते ना?

बुरशी मरेल, विष राहील. अफ्लाटॉक्सिन आंबवण्यानं भरवशानं जात नाही, शिजवूनही जात नाही, आणि दूध तोडलेल्या पिल्लांचं यकृत त्याला सर्वांत आधी बळी पडतं. तो मका टाका, मोठ्या डुकरांनाही नको. जूनच्या आधी साठा करताना मका दाताखाली कडक वाजला पाहिजे, ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर नको. गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळीवर आणि जांभ्याच्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा, ती भिंत पावसात पाणी ओढते. भाताचा कोंडा तर साठवूच नका. गिरणीतून आणलेला कोंडा पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत खवट होतो. आठवड्याला हवा तेवढाच आणा, किंवा तेल काढलेला घ्या.

प्रश्न : गोव्याच्या सीमेजवळ आहोत, हॉटेलांचं उरलेलं अन्न फुकट मिळतं. ते आंबवून दिलं तर उकळायचा जळणखर्च वाचेल का?

नाही, आणि या उत्तरात सवलत नाही. आफ्रिकन स्वाईन फीवर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला, नंतर तो देशाच्या इतर भागांतही पोचला. त्याचा विषाणू डुकराच्या मांसातून आणि त्याच्या उष्ट्यातून पसरतो, आणि आपल्या ड्रममधला आंबटपणा तो सहन करू शकतो. त्यावर औषध नाही. आपल्याकडे लसही नाही. हॉटेलच्या बादलीत चोरिस, सॉर्पोटेल, बेकन अशा डुकराच्या मांसाच्या पदार्थांचं उष्टं असणारच.

उष्टं वापरायचं तर किमान ९० अंशांवर पूर्ण एक तास, सतत ढवळत उकळायचं. कच्च्या बादल्या आणि शिजवलेल्या खाद्याच्या बादल्या वेगळ्या, कच्च्याला हात लावलेल्या माणसानं हातपाय धुतल्याशिवाय गोठ्यात जायचं नाही. पिल्लांना तर शिजवलेलंही देऊ नका : त्यातलं मीठ, तेल, मसाला रोज वेगळा, आणि या वयाचं आतडं रोजचा बदल सोसत नाही. ते वाढलेल्या डुकरांसाठी ठेवा.

प्रश्न : औषध दुकानदार सांगतो, झिंक ऑक्साइड जास्त घाला, हगवण गायब. कॉलिस्टिनची पावडरही चांगली चालते म्हणतो.

कॉलिस्टिन विसरा. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि त्यांच्या खाद्यात वापरण्यासाठी त्याची विक्री भारतात जुलै २०१९ पासून बंद आहे. माणसाच्या असाध्य संसर्गावरचं ते शेवटच्या फळीतलं औषध, म्हणून. झिंक ऑक्साइडची औषधी मात्रा, टनाला अडीच किलोच्या आसपास, हगवण कमी करते हे खरं. पण बहुतांश जस्त शेणावाटे जमिनीत जातं आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू त्यानं वाढतात. युरोपीय संघानं जून २०२२ पासून ही मात्रा बंद केली. तुमचं डुकराचं खत काजूच्या बागेत जात असेल तर हा विचार तुम्हालाही लागू आहे. खनिज मिश्रणातलं जस्त पिल्लांच्या गरजेला पुरतं.

प्रश्न : आईजवळ असतानाच सवय लावावी का?

हो, आणि हेच सर्वांत जास्त राहून जातं. तोडण्याच्या सहा-सात दिवस आधीपासून उथळ ताटलीत दिवसातून तीनदा थोडं आंबवलेलं खाद्य ठेवा. पिल्लं आईचं बघून शिकतात, म्हणून दोन मुठी तिच्यापुढेही ओता. पहिल्या दिवशी ती खाण्यापेक्षा अंगाला फासतील. ताटली दोन तासांनी उचला. तोडायच्या दिवशी आईला हलवा, पिल्लांना त्याच खणात राहू द्या. खच्चीकरण, जंतनाशक, लस यांतलं काहीही त्या आठवड्यात नको. क्लासिकल स्वाईन फीवरची (हा आफ्रिकनपेक्षा वेगळा आजार) लस मात्र पशुवैद्यक सांगतील त्या वयाला चुकवू नका.

गावठी किंवा आगोंद गोवन या गोव्याच्या देशी जातीच्या रक्ताची पिल्लं यॉर्कशायरपेक्षा लहान असतात. त्यांना वयावरून नाही, वजनावरून मोजा : पहिल्या आठवड्यात वजनाच्या अडीच-तीन टक्के कोरडं खाद्य, तिसऱ्या आठवड्यापासून चार-पाच टक्के.

प्रश्न : काजूचे बोंडू, फणस ड्रममध्ये घालू का? एप्रिल-मेमध्ये पडून जातात.

पिल्लांच्या ड्रममध्ये नको. साखर एवढी की यीस्टच जिंकतं, आणि बोंडूतलं टॅनिन प्रथिनं बांधतं. चाळीस किलोवरच्या डुकरांना चिरून ताजे घाला, एकूण खाण्याच्या पाचव्या हिश्शापर्यंत.

प्रश्न : दोन वेतांच्या मध्ये महिना-दीड महिना पिल्लं नसतात. तेव्हा विरजणाचं काय करायचं? (रोहा तालुका)

गाभण माद्या असतील तर ड्रम चालू ठेवणं सोपं. दर दोन दिवसांनी तीन हिस्से काढून त्यांच्या आंबोणात मिसळा, पाव हिस्सा राखून त्यात किलोभर धान्य आणि अडीच लिटर पाणी घाला. माद्या नसतील तर लिटरभर चांगला घोळ प्लास्टिकच्या बाटलीत, वर चार बोटं जागा सोडून, टोपण सैल ठेवून फ्रीजमध्ये ठेवा. आठवड्यानं त्यातला पाव हिस्सा नव्या घोळात घालून एक दिवस बाहेर आंबवा आणि पुन्हा आत. पिल्लांपुढे ताटली ठेवायला सुरुवात करायच्या पाच दिवस आधी बाटली बाहेर काढून तीन किलो घोळाला लावा, मग दुसऱ्या दिवशी ते सगळं बारा किलोला. दोन्ही टप्प्यांवर पट्टी बुडवून बघा. सामू ४.२ वर आला नाही तर त्या बाटलीचा नाद सोडून ताकापासून नवी सुरुवात करायला अजून तीन दिवस हातात असतात.